बाईंनी उचललेला पहिला तुकडा

शाळेत खिचडी वाटून झाली होती आणि मी हात धुवत होते, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. ‘काकू, आई गेली.’ एवढंच बोलला सचिन. माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी आणि अख्खं घर ‘बाई’ म्हणायचो, उंद्रीच्या घरात भर दुपारी चुलीपाशी कोसळल्या. त्या दिवशी टोमॅटोचा तोडा होता. वावरातल्या बायांना जेवू घातलं, नवऱ्याचं, म्हणजे आमच्या भाऊजींचं, सचिनचं ताट झालं, आणि स्वतःसाठी भाकर घ्यायला म्हणून उठल्या त्या तिथेच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी घरी पोचले तेव्हा टोपल्यात त्यांच्या वाटची एक भाकर तशीच होती. ती कोणी उचलली, कुठे ठेवली, मला आठवत नाही. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं, एवढं मात्र आठवतं.

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा माणसं चौदा, आणि बाई चौदाव्या जेवणाऱ्या. सासूबाईंनी घालून दिलेली रीत होती ती. थोरल्या सुनेने सगळ्यांचं झाल्यावर बसायचं. सासूबाई गेल्या, घरं वेगळी झाली, मी नोकरीपायी चिखलीला राहायला आले, पण बाईंच्या अंगातून ती रीत काही निघाली नाही. पाहुण्या म्हणून माझ्याकडे आल्या तरी पोळपाट त्यांच्याच हातात. मी चिडायचे, ओरडायचे. त्या हसून म्हणायच्या, ‘सगळ्याईचं होऊ दे. मंग खाईन मी.’

मग बुलढाण्यात ते इटालियन जेवणाचं हॉटेल निघालं. मोठ्या शहरांत जागोजागी शाखा असलेलं, पण आपल्यासारख्यांच्या खिशाला झेपणारं. लेकरांना रंगवायला कागद, खडू, मोठाली टेबलं, आजूबाजूला सगळी लेकराबाळांना घेऊन आलेली माणसं. माझी केतकी हट्टाला पेटली की मोठी आई पाहिजेच, म्हणून बाईंना उंद्रीहून उचलून नेलं. पहिल्या दिवशी त्यांनी पिझ्झ्यावरची चटणी बोटाने चाखली आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘आपल्या वावरातलेच भेदरं हायेत हे तं! याच्यासाठी इतक्या दूर आलो काय वो?’ भेदरं म्हणजे टोमॅटो. शेजारच्या टेबलावरचेही हसले. वरून भुरभुरवायच्या पुडीचा वास घेऊन त्यांनी तो ओवाच ठरवला आणि कोणाचं पोट दुखलं तर कामाला येईल म्हणून दोन पुड्या पदराला बांधल्या. पण खरं सांगायचं तर त्यांना ती जागा फार आवडली होती. दर महिन्या-दीड महिन्याला आमची फेरी ठरून गेली. नवी साडी नेसून, वेणी घालून तासभर आधी दारात उभ्या असायच्या, असं सचिन सांगायचा.

तिथेही त्यांचं तेच. पिझ्झा आला की आधी सगळ्यांच्या ताटात तुकडे, मग त्या गरगट्ट्या शेवयांची वाढ (पास्त्याला त्यांचा हाच शब्द), मग कोणाला काय हवं-नको. सगळ्यांची तोंडं पुसून झाली की उरलेला एक तुकडा स्वतःकडे ओढायचा. गार, वातड झालेला. ‘चांगलं लागते,’ म्हणायच्या आणि दोन घास पाण्यासोबत उतरवायच्या.

एकदा परतताना गाडीत आम्ही दोघी मागे बसलो होतो. केतकी माझ्या मांडीवर झोपली होती. बाई खिडकीकडे पाहत हळूच म्हणाल्या, ‘एकडाव मले ते गरम गरम खाऊन पाहाचं हाय. तुमच्या हातात कसा तार सुटते त्याले... माह्या वाट्याले येते तवा घट्ट होऊन जाते.’ पंधरा वर्षांत बाईंनी माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच म्हटलं, ‘पुढच्या टायमाले पयला तुकडा तुमचा, बाई.’ त्या लाजल्या. ‘कोणाले सांगू नको बरं,’ म्हणाल्या.

पुढची खेप आली. सगळे होतो, माझे मिस्टर, भाऊजी, सचिन, केतकी. पिझ्झा टेबलावर टेकला आणि बाईंनी कोणाकडे न पाहता हात पुढे केला. तुकडा उचलला. खालून चीजची लांब तार सुटली. त्यांचे डोळे त्या तारेवर होते, तोंड जरासं उघडलेलं... आणि मी बोलले. माझी ही जीभ! वर्गात, घरात, मयतीतसुद्धा जिला गप्प बसवत नाही ती. ‘पाहा वो, आज तं बाईले दम नाही निघून राह्यला!’

मला प्रेमच आलं होतं, खरंच सांगते. त्यांना दिलेला शब्द मी विसरले नव्हते. उलट तो आठवूनच मी खुशीत आले होते. सगळे हसले. भाऊजी तर फार हसले. बाईही हसल्या, आणि तो तुकडा त्यांनी केतकीच्या ताटात ठेवला. ‘अवो, तिच्यासाठीच काढत होती.’ मग ओळीने सगळ्यांना वाढलं. शेवटी गार तुकडा घेतला. परतताना गाडीत त्या पुढच्या सीटवर बसल्या.

पुन्हा जायचं, जायचं म्हणत राहिलो. मध्ये तोडा, मध्ये माझ्या शाळेच्या परीक्षा. आणि मग सचिनचा फोन.

तेरवीला बायका जमल्या. कोणीतरी विचारलं, बाईला आवडायचं काय, तेही पानात वाढू. डोणगावच्या नणंदबाई डोळे पुसत म्हणाल्या, ‘तिले कायचीच हाव नव्हती वो. उरलंसुरलं गोड मानून घ्यायची.’ सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा मात्र माझी जीभ टाळूला चिकटली. त्यांनी सांगितलं होतं ना, कोणाले सांगू नको.

तेव्हापासून बाईंचा तो तुकडा उचललेला हात माझी पाठ सोडत नाही. शाळेत खिचडीचं झाकण उघडलं, वाफ वर आली की तो मला दिसतो, ताटावर अर्ध्यात थांबलेला. वाढताना मागे कोणी उभं आहे असं वाटतं, मी वळून पाहते. सोबतच्या शिक्षिका विचारतात, ‘काय झालं?’ मी पुढच्या लेकराला वाढते.

गेल्या रविवारी केतकीच्या वाढदिवसाला आम्ही पुन्हा तिथे गेलो. भाऊजींनाही बळेच आणलं. बाई बसायच्या ती खुर्ची कोणी घेईना, शेवटी मी बसले. पिझ्झा आला. मी कोणाला न वाढता हात घातला आणि पहिला तुकडा उचलला. तार सुटली. आता मलाही कोणी ‘दम नाही निघत’ म्हणून हसेल, या तयारीने मी अंग चोरून बसले... कोणीच काही बोललं नाही. केतकी रंगवत होती, भाऊजी पाणी पीत होते, सचिन मोबाइलमध्ये होता. माझ्याकडे कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं. मी तो घास तोंडात घातला, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, तरी चावत राहिले. फार चांगला लागतो, बाई. गरम फार चांगला लागतो.