वसुधाताईंचा एप्रन

मेसेज आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या देशी दुकानात मेथीची जुडी बघत होते. 'वसुधा सकाळी गेली,' एवढंच ताईंच्या नवऱ्याने, श्रीकांतदादांनी लिहिलं होतं. जुडी हातात धरून मी तशीच उभी राहिले... चारच दिवसांपूर्वी ताईंनी मला फोनवर झापलं होतं, पुस्तक अर्धवट वाचून येतेस म्हणून.

वसुधाताई पुण्यात जपानी शिकवायच्या. लग्नानंतर इकडे अमेरिकेत, ट्रॉय शहरात आल्या आणि तिथे जपानी कादंबरीतल्या बायकांवर त्यांनी पीएच.डी. सुरू केली. पुढे दादांची नोकरी बदलली, बिऱ्हाड कॅरीला आलं आणि पीएच.डी. तिकडेच राहिली. पण महिन्यातून एकदा गॅरेजवरच्या खोलीत त्या आम्हा मैत्रिणींना जमवून जपानी कादंबऱ्या इंग्रजीतून वाचायला लावत. पश्चिमेचं वारं लागलं आणि जपानी कादंबरीत प्रेमविवाह आला, केस कापलेली, घर सोडून जाणारी नायिका आली. आम्ही खूश होणार तोच ताई हात वर करायच्या. "थांबा. घर सांभाळून मुलांना घडवणारी ती आदर्श गृहिणी आहे ना, तीसुद्धा बरीचशी पश्चिमेच्या त्याच बोटीतून आली. जपान्यांनी तिला किमोनो नेसवला आणि म्हणाले, ही तर आमची परंपरा! त्याआधी शेकडो वर्षं दरबारातल्या बायका लिहीत होत्या, ते गेलं विसरून." मग आमच्याकडे बघून, "हसताय काय? आपल्याकडे काय वेगळं झालंय?"

जिना चढण्याआधी त्या एप्रन काढून जिन्याजवळच्या खिळ्याला अडकवत. "हा वर येत नाही," म्हणत. खाली मॅच बघत बसलेल्या आमच्या नवऱ्यांपैकी कुणी चहासाठी हाक मारली, तर पुस्तकातून डोकं न काढता ओरडत, "दूध फ्रिजमध्ये आहे!"

शोकसभा त्यांच्याच घरी झाली. हॉलमध्ये पुरुष बोलत होते आणि ताईंकडे इतकी वर्षं पुस्तकं वाचत आलेल्या आम्ही सगळ्या स्वयंपाकघरात पुलाव गरम करत होतो. आम्हाला कुणी तसं सांगितलं नव्हतं. दादा म्हणाले, "वसूने घरासाठी पीएच.डी. आनंदाने सोडली. कधी तक्रार नाही." लोकांनी माना डोलावल्या. दादा खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत आलंय. पण एकदा गाडीत ताई मला म्हणाल्या होत्या, "सोडली म्हणू नकोस गं. मला कुणी विचारलंच नव्हतं."

तेवढ्यात त्यांची मुलगी इरा ओट्यापाशी आली. नवऱ्याला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला जॉब मिळाल्यामुळे आपली इथली रिसर्चची नोकरी सोडावी की नाही, या विचारात ती होती. "मावशी, वॉज आई रिअली हॅपी अबाउट इट? टेल मी."

मी म्हणाले, "आधी वाढून घेऊ या गं, पुलाव गार होतोय."

ती हॉलमध्ये परत गेली. हात पुसायला खाली पाहिलं तर माझ्या अंगावर ताईंचाच एप्रन होता. खिळ्यावरून कधी काढला, कधी बांधला, काही आठवेना. शरमेने माझे कान तापले. तरीही मी पुलाव वाढला. सगळ्यांना, अगदी आग्रह करकरून.

तो एप्रन तसाच अंगावर घेऊन मी घरी आले. आता तो आमच्या जिन्याजवळ टांगलाय. धुवायला हात होत नाही. इराला फोन करायचा असं रोज ठरवत होते, आणि रोज काहीतरी निघत होतं... काल तिचाच फोन आला. राजीनामा दिला म्हणाली. "जस्ट लाइक आई, मावशी." आवाजात केवढा अभिमान होता!

मग मात्र मी सांगितलं. "इरा, तुझ्या आईला कुणी विचारलंच नव्हतं गं."

ती हळू आवाजात म्हणाली, "देन व्हाय डिडन्ट यू टेल मी दॅट डे?"

समोर एप्रन लटकत होता, त्यावर पुलावाचा तुपकट डाग. पुलाव गार होत होता, हे काही मला तिला सांगता आलं नाही.