फॉर्मवरचे ‘नाही’

पिंपरीतल्या कारखान्यात माझे वडील मशिनवरच हृदयविकाराने गेले, बेचाळिसाव्या वर्षी. कंपनीने त्यांच्या जागी मला घेतले. तिथे दरवर्षी वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर प्रश्न असतो: कुटुंबात कोणाला हृदयविकार? आमच्या मशिनशॉपमध्ये सगळेच ‘नाही’ लिहितात. ‘हो’ लिहिणाऱ्याला हलक्या कामावर टाकतात आणि त्याचा ओव्हरटाइम बंद होतो. मीही तेवीस वर्षे ‘नाही’च लिहिले.

यंदा मी बेचाळीस वर्षांचा झालो. कोलेस्टेरॉल फार जास्त निघाले. नव्या डॉक्टर मॅडमनी माझी फाइल उघडली.

“वडिलांच्या जागी लागलात ना? ते कशाने गेले?”

मी शर्टाची बटणे लावू लागलो. मागे रांगेतला एक जण म्हणाला, “सांग की भावा, अख्ख्या कंपनीला माहितीये.”

मी सांगितले. त्यांनी ‘नाही’ खोडून ‘हो’ लिहिले. “हे रक्तातून येतं. मुलं असतील तर त्यांचंही तपासून घ्या.”

दुसऱ्या दिवशी तेरा वर्षांच्या मुलीला काळेवाडीतल्या लॅबमध्ये नेले. तिथल्या फॉर्मवर तोच प्रश्न होता, फक्त पुढे ‘किंवा जास्त कोलेस्टेरॉल’ जोडलेले. मी ‘आजोबा’ लिहिले. मुलगी बघत होती. मग त्याखाली ‘वडील’ लिहिले.