पार्बतामायच्या नऊ पायल्या

पार्बतामाय आपल्या शेताचं उत्पन्न घराच्या बाहेरच्या भिंतीवर लिहून ठेवत असे. गेरूने, वर्षाला एक आकडा. ज्वारी किती पायल्या झाली तेवढाच. वर्धा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता तेव्हा मी रोहण्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो. त्या वेळी भिंतीवर आकडे नव्हते, पायलीला एक अशा नुसत्या रेघा होत्या. एके दिवशी ती शाळेच्या पायरीशी येऊन म्हणाली, "गुरुजी, रेघा लय झाल्या. मले आकडे शिकवा. अक्षरं नाई पाह्यजेत." आकडे तिने आठ दिवसांत उचलले आणि फी म्हणून टोपलीभर हुरडा आणून दिला. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती.

गावाला हे मानवणारं नव्हतं. खळ्यावर रास मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, आणि एकूण किती झाली ते शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही. नजर लागते. कुणी टोकलं की पार्बतामाय म्हणे, "लोकायच्या नजरीनं माह्यं पोतं रिकामं होत असन, तं उंदरायले कायले दोष देऊ?"

आकडा लपवणं तिला परवडणारं नव्हतं, हे मला पुढे कळलं. नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगी आणि चार एकर वावर. थोरले दीर महादेवराव दर पाडव्याला पंचांना सांगत, "बाईच्या हाती वावर नासते. वाहायले माह्याकडं द्या." त्यांना उत्तर म्हणून ती भिंत होती. पंच दरवर्षी ती पाहत आणि विषय मोडत.

मग एका वर्षी ज्वारी कापणीला आली असताना आठवडाभर झड लागली. कणसं उभ्या उभ्या काळी पडली. पार्बतामायच्या खळ्यावर एरवी शंभरी ओलांडणारी मोजणी नवव्या पायलीला संपली. मी तिथेच होतो. यंदा भिंत कोरी ठेवावी असं मला वाटलं आणि शहाणपणा करून मी तसं सुचवलंही.

"म्हंजे मांगचे आकडे बी लबाड करू म्हणता?" असं म्हणून तिने गेरू कालवला आणि भिंतीवर नऊ काढला, बाकीच्या आकड्यांपेक्षा दुप्पट मोठ्या आकाराचा.

पाडव्याला महादेवराव पंचांना थेट भिंतीपुढेच घेऊन आले. "वाचा," ते म्हणाले. "तिनंच लिवलं हाय. चार एकरात नऊ पायल्या." खटला जिंकल्यासारखा त्यांचा आवाज होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो जिंकल्यासारखाच वाटला.

थोरल्या दिराशी बाईने समोरासमोर बोलायची रीत नव्हती. पार्बतामायने पदर पुढे ओढला आणि पंचांकडे तोंड करून म्हणाली, "त्याइले इचारा, त्याइच्या वावरात यंदा किती झाली?"

"आकडा सांगत नसते," महादेवराव म्हणाले.

"मांगच्या साली किती झालती?"

"थे बी सांगत नसते. नजर लागते."

"मंग माह्यी कमी हाय, हे कशाच्या मापानं म्हणता, थे इचारा त्याइले."

म्हाताऱ्या पंचाला हसू आवरेना. गावातल्या साऱ्या खळ्यांवर यंदा काय झालं होतं ते त्याला ठाऊक होतं. "चाल बाप्पा," म्हणत त्याने महादेवरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना घेऊन गेला. वावर पार्बतामायकडेच राहिलं. पुढच्या पाडव्याला ते मागायला कुणी आलं नाही.

तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिचा मला अभिमान वाटतो, आणि खळ्यावर दिलेल्या त्या सल्ल्याची लाजही वाटते. माझी बदली झाली तेव्हा निरोप घेताना मी धीर करून विचारलं होतं, "माय, तो नऊ काढताना हात नाही थरथरला?"

"थरथरला ना, गुरुजी. बारीक काढला असता तं साऱ्यायले दिसलं असतं. म्हून तं मोठा काढला."