चिंध्या न बांधलेलं पीक

बायकोला 'चिंधी' म्हणायला सुरुवात काकांनीच केली, थट्टेत. लोकांनी त्याला 'काकू' जोडलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. मक्यात दाणा भरू लागला की ती जुन्या कपड्यांच्या पट्ट्या कमरेला खोचून शेतात शिरायची आणि एखाद्या ताटाला चिंधी बांधायची. एखाद्याच. त्याच्या शेजारचं ताट काकांना अगदी तसंच दिसे, पण ती त्याच्याकडे ढुंकून बघत नसे.

"बी शोधतेयस की नवरी?" काका बांधावरून विचारायचे.

"तुमच्या आईनं नवरी इतकी पारखून घेतली असती तर सुटला असता की तुम्ही," ती मक्याच्या आतूनच म्हणायची.

काढणीला चिंधीची कणसं वेगळी निघत, वेगळी वाळत आणि पुढच्या वर्षी तीच पेरली जात. मूळ बी तिनं माहेराहून आणलेलं. तेव्हापासून त्या घरानं मक्याचं बी विकत घेतलं नव्हतं. नांगरट, पाणी, राखण काकांकडे, बी तिच्याकडे. अशी वाटणी कुणी बसून करत नाही, ती होऊन जाते, आणि मग दुसऱ्याच्या वाट्याकडे बघायचं राहून जातं.

यंदा दाणे दुधात होते तेव्हाच तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एवढ्या बोलक्या बाईकडे एकच शब्द उरला, 'बरं'. पाणी हवं का? बरं. दुखतंय का? बरं. दवाखान्याच्या खेपा चालू असतानाच काकांनी माणसं लावून काढणी उरकली आणि सगळी कणसं मागच्या खोलीत एकाच ढिगात ओतली. चिंध्या बांधायच्या राहिल्या हे त्यांच्या ध्यानात आलं ते त्या ढिगासमोर उभं राहिल्यावर.

आता पेरणी तोंडावर आली होती.

"मोठी मोठी कणसं काढ आणि मोकळा हो," शेजारी म्हणाला. "त्यात एवढं काय बघायचंय?"

काकांनी मोठी काढली. वजनदार, सरळ ओळींची, टपोऱ्या दाण्यांची. पण हे कणीस कडेला ऐसपैस वाढलेल्या ताटाचं, की दाटीत उभं राहूनही भरलेल्या ताटाचं? वारा सुटला तेव्हा ते ताट टिकलं होतं की लोळलं होतं? ती जे बघायची ते कणसात नव्हतंच. ते ताटात होतं, आणि ताटं गुरांनी खाऊन टाकली होती.

सुनेनं मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. काही दिवसांनी उघडलं तर जवळपास सगळ्यांना मोड आलेले.

"बघा बाबा, चांगलं आहे की बी."

"उगवतं सगळंच गं. उगवून पुढं काय करतं, ते कोण सांगणार?"

"मग दुकानातली पिशवी आणा. सगळे आणतात."

"आणीन. संकरित ते, त्याच्या पिकाचं बी धरता येत नाही, म्हणजे दरवर्षी आणीन. आणि हिचं बी संपलं म्हणायचं?"

सुनेनं मोड आलेले दाणे परत गोणपाटात गुंडाळले.

शेवटी काकांनी सुपात कणसं भरली आणि काकूंच्या खाटेपाशी नेली. तिला उशीला टेकवून बसवलं. एक कणीस तिच्या डोळ्यांसमोर धरलं. "हे?"

"बरं."

"आणि हे?"

"बरं."

त्यांनी मुद्दाम किडीनं पोखरलेलं एक धरलं. तिनं ते निरखून पाहिलं. "बरं." दारात उभी असलेली सून हसली आणि मग तोंड फिरवून आत गेली.

इतक्यात काकूंचा डावा हात हलला. तो सुपात गेला, मध्यम आकाराचं एक कणीस घेऊन आला. मग दुसरं. कपाळावर आठी, अगदी शेतात असायची तशी. ती देईल ते कणीस काका अलगद बाजूला ठेवू लागले. पाच-सहा झाल्यावर त्यांना कसलीशी शंका आली. त्यांनी सूप फिरवलं.

हात पुन्हा डावीकडेच गेला. मघाशी जी कणसं तिनं सोडली होती तीच आता उचलू लागली, त्याच आठीनं, तितक्याच काळजीनं. सुपाची उजवी बाजू तिच्या लेखी नव्हतीच.

"नीट बघ ना," काका म्हणाले. आवाज चढला आणि त्यांचा त्यांनाच ऐकवेना. "तुला माहीत आहे सगळं. नुसती मान हलव. बोलू नकोस हवं तर."

"बरं," ती म्हणाली, रडक्या पोराची समजूत घालावी तशी.

ओल उडून जायच्या आत पेरायला हवं होतं. काका तिथेच जमिनीवर बसले आणि हाताला येईल ते कणीस घेऊन दाणे सोडवू लागले. आधी मोठ्यांचे, मग मधल्यांचे. सुपात पडले की सगळे सारखे. ती वरून एकटक बघत होती. काकांनी मान वर केली नाही. तिनं परत 'बरं' म्हटलं असतं.