पावताईचा उजवा खुबा

पावताईचा खुबा दुखायचा तो लहरी पाहुण्यासारखा. न सांगता यायचा, चार दिवस ठाण मांडायचा आणि ती कुणाला सांगायला तोंड उघडते तोवर पसार व्हायचा. मग सांगणार काय? "परवा फार दुखत होतं हो" म्हणणाऱ्या माणसाकडे जग कसं बघतं, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे.

पावताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण बेकरी तिची, पाव तिचे आणि ताई ती सगळ्या गल्लीची, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. सख्खा धाकटा भाऊसुद्धा चारचौघांत तिला पावताईच म्हणायचा. बेकरी मुळात आईची. खाली भट्टी, वर दोन खोल्या आणि वरच्या खोलीत खिडकीपाशी आईची खुर्ची.

आता खरी गोम ऐका. आईचाही खुबा असाच दुखायचा. आज आहे, उद्या नाही. मग एकदा आई जी खुर्चीत बसली ती बसलीच. अजूनही घरातल्या घरात भिंतीला धरून फिरायची तेवढंच, भट्टीपाशी म्हणून परत आली नाही. "सांधा झिजला," असं थोरामोठ्यांनी ठरवून टाकलं. डॉक्टर-बिक्टर कुणी दाखवला नाही. बायकांची दुखणी तेव्हा घरच्या घरीच ठरायची, आणि आताही फार निराळं चाललंय असं नाही.

त्यामुळे खुब्यात कळ आली की पावताई घाबरायची. तिला दुखण्याची भीती नव्हती, खुर्चीची होती. सकाळी भट्टीतून पहिला ट्रे बाहेर आला, पाव टचटचीत फुगलेले दिसले की ही बाई एकटीच हसायची. इतकी वर्षं झाली, रोज तेच पाव, तरी हसायची. अशा माणसाला खिडकीतून रस्ता बघत बसायला सांगणं म्हणजे काय!

बरं, गल्लीत सल्ले देणाऱ्यांना तोटा नाही. वाणी म्हणाला, गॅस असणार, सगळं गॅसनं होतं. शेजारीण म्हणाली, गादी बदल. शिंपी म्हणाला, चपलेचा दोष. भावजयीनं तेल दिलं, त्याचा वास असा की गिऱ्हाईक पाव हुंगून बघायला लागलं. दमट हवा सुटली की दुखतं असं पावताईनंच एकदा बोलता बोलता सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी एकसुरात "वात!" म्हणून निकाल लावला. पावताई सगळ्यांना हो हो म्हणायची आणि पाव बांधून द्यायची.

एक दिवस मात्र भावानं तिला जिन्यात पकडलं. कठडा धरून, ओठ दाबून उभी होती. त्यानं तिला वर नेलं, बसवलं आणि मग म्हणाला, "ताई, आता पुरे. मोबाइलचा दुकानवाला जागा मागतोय. भट्टी बंद करू, जागा त्याला देऊ. तू वर आईजवळ आरामात बस. आईसारखं व्हायची वाट बघायचीय का?"

मायेनं म्हणाला हो, हीच पंचाईत. वाईटपणानं बोलला असता तर पावताईनं त्याला दोन शब्द सुनावून भट्टीपाशी धाडला असता. ती म्हणाली, "डॉक्टरांना दाखवते. सांधा गेलाय म्हणाले, तर तू म्हणशील तसं." शब्द देऊन बसली आणि रात्रभर तळमळली.

दवाखान्यात भाऊ बरोबर गेला. आधी खुब्याचा एक्स-रे फोटो काढून झाला, मग डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बोलावलं. पावताईच्या एका हातात फोटोचं मोठं पाकीट, दुसऱ्या हातात बाईंसाठी आणलेले ताजे पाव. रिकाम्या हातानं कुणाकडे जायची सवयच नाही. भाऊ पुढं आत शिरला, मागून ती शिरली आणि उजवा खुबा देऊन दार लावून घेतलं. धप्प.

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. 

"कुठं दुखतं?"

पावताईनं कमरेपासून मांडीपर्यंत सगळा तळवा फिरवला. "इथं."

"तळवा नको. एक बोट ठेवा."

आता एक बोट ठेवायचं म्हणजे विचार करावा लागतो. आजवर कुणी तिला एका बोटाचं विचारलंच नव्हतं. तिनं चाचपडलं आणि बाहेरच्या बाजूला, जिथं हाड हाताला लागतं, तिथं बोट टेकवलं. बाईंनी तिला निजवून पाय वाकवला, आत वळवला, बाहेर वळवला. काही नाही. पाठ तपासली. तिथंही काही नाही. मग त्या बाहेरच्या हाडावर अंगठा दाबला, तशी पावताई "आई गं" म्हणून उठूनच बसली.

"असं बघा," बाई म्हणाल्या, "सांध्याचं दुखणं बहुतेक जांघेत जाणवतं. पाठीतली शीर दबली तर कळ पायात खाली उतरते. तुमचं बाहेरच्या हाडापाशी आहे. त्या हाडावर एक पातळ पिशवी असते, गादीसारखी. तिला मार बसत राहिला की ती सुजते. फोटोत सांधा वयाच्या मानानं चांगला आहे, थोडी झीज आहे, ती मलाही असेल. तुम्ही दार नेहमी असंच लावता?"

"कसं?" पावताईनं विचारलं.

भाऊ खो खो हसायला लागला. मग त्यानंच सांगितलं. भिजवलेलं पीठ फुगायला ठेवायचं एक लाकडी कपाट आहे. त्यातून ट्रे काढला की दोन्ही हात अडकलेले, आणि आतली ऊब तर जाता कामा नये. म्हणून दार खुब्यानं ढकलायचं. दिवसभर. त्यांच्या बेकरीत ते हातानं लावतच नाहीत.

"पण मग रोज का नाही दुखत?" पावताई म्हणाली. हा तिचा जुना सवाल होता.

भावाचं हसणं थांबलं. "ताई, दमट हवेत ते दार फुगतं की. तेव्हा तू नुसती ढकलत नाहीस, धडका मारतेस."

बाईंनी काही व्यायाम दाखवले, त्या कुशीवर झोपू नका म्हणाल्या, दाराला तर आजच रंधा मारून घ्या म्हणाल्या. जांघेत दुखायला लागलं, ताप आला किंवा पाय टेकवेना झाला तर मात्र लगेच या, हेही बजावलं. पावताईच्या जिवात जीव आला. परतताना ती वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होती की आपल्याला वात नाही, गॅस नाही, गादी उत्तम आहे. भावानं रस्त्यातूनच मोबाइलवाल्याला फोन करून जागा नाही म्हणून सांगितलं आणि सुताराला बोलावणं धाडलं.

बेकरीत शिरल्या शिरल्या दोघं कपाटापाशी गेली. रोज बघितलेलं दार, पण बघायला म्हणून कुणी बघितलं होतं? पावताईच्या खुब्याच्या उंचीला रंग पार उडाला होता, लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं. तिला आधी हसूच आलं. मग भावानं वीतभर खाली बोट दाखवलं. तिथंही तसाच एक डाग होता, जुना, तेलकट काळा पडलेला.

आई उंचीनं बुटकी.

पावताई जिना चढून वर गेली. दुखत होतं तरी गेली. आई खिडकीतून रस्ता बघत होती. "काय म्हणाले गं डॉक्टर?"

"ते सांगते. आई, तुझा खुबा दुखायचा ना, तो कुठं दुखायचा? एक बोट ठेवून दाखव."

आईनं अजिबात चाचपडलं नाही. बाहेरच्या हाडावर बोट ठेवलं. "हे काय, इथं. अजून दाबलं की दुखतं. का गं?"

पावताई खाली बसली आणि दाराचं सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं.  मग म्हणाली, "म्हणजे मी उगाच बसले होय?"

पावताईला रडू फुटलं. "तसं नाही गं. तुझं काय होतं ते तपासल्याशिवाय कसं कळणार? आम्ही तुला कधी विचारलंसुद्धा नाही, आई."

"रडतेस काय? दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

भाऊ दारात येऊन उभा होता. "असतो संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला.

"मग माझ्या बाहेरच्या चपला काढ."

भावानं पलंगाखाली बघितलं, जिन्याखाली बघितलं, माळ्यावरसुद्धा चढला. चपला नव्हत्याच. आईसाठी बाहेरच्या चपला इतक्या वर्षांत कुणी आणल्याच नव्हत्या. तो हात हलवत परत आला आणि मान खाली घालून उभा राहिला. तोवर आई खुर्चीचे हात धरून उठली होती. तिनं लेकीच्या पायातल्या चपला मागून घेतल्या आणि एकेक पाय आत सरकवला. मोठ्या होत होत्या.