सपियाहच्या अंगठ्यावरचे तीन ठिपके

आमच्या शेजारची सपियाह, आम्हा सगळ्यांची योंग म्हणजे थोरली ताई, पालीला घाबरते. भिंतीवर पाल चुकचुकली की साराँग गुडघ्यापर्यंत उचलून ती माझ्या ओट्यावर हजर, आणि वर म्हणते, "उदा, तुझी आठवण आली म्हणून आले." तिच्या आठवणीला नेहमी शेपूट असतं. आणि हीच बाई गेली एकोणीस वर्षं डोंगराच्या गुहेत शिरून चाबूक कोळी हातात धरते.

तो प्राणी बघितला नसेल तर न बघितलेलाच बरा. खेकड्यावर पाटा ठेवून तो चपटा करावा तसं अंग. तोंडापुढे दोन काटेरी हात. पायांची पुढची जोडी, म्हणजे चाबूक, चालायची नाही, चाचपायची: वीतभर लांब, केसासारखी बारीक, अंधारात सारखी हलणारी. विष नाही, नांगी नाही, हे सपियाहने मला शंभरदा सांगितलंय. माझ्या मानेवरच्या केसांना ते अजून पटलेलं नाही.

नवरा होता तोवर ती दोघं मिरचीच्या मळ्यांसाठी गुहेतलं वटवाघळांचं खत काढायची. तो गेल्यावर संग्रहालयाच्या बाई, पुआन हमिमा, आल्या आणि तिच्या हातात भिंग देऊन गेल्या. तेव्हापासून आमची सपियाह जाती ओळखते. प्राणी काचेच्या बरणीवर चढला तर पावलाला गादी आहे, घसरला तर नाही. मग हातावरचे काटे. मग चाबकाची पेरं. बाहेरच्या दालनातल्या चाबकाला खालच्या भागात एक्केचाळीस पेरं, कमी नाही की जास्त नाही. गावात लग्नाची मुलगी बघायला जातात तेव्हाही मी म्हणते, योंगला न्या, पेरं मोजून सांगेल.

मोजायची तिची रीत आमचीच. गुहेत तोंडाने मोजायचं नाही. जो मोजतो त्याला गुहेचा न दिसणारा राखणदार आपल्यात मोजून ठेवतो. म्हणून ती चोंकाकच्या खेळातले चिंचोके घेऊन जाते, एकेका पेराला एकेक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात. प्राण्याचं नावही घ्यायचं नाही, आजी म्हणायचं. आणि आतल्या दालनातून जिवंत आजीला बाहेर आणायचं नाही.

गेल्या वर्षी त्या आतल्या दालनात तिला एक मेलेली आजी सापडली, मुंग्यांनी अर्धी खाल्लेली. तिच्या चाबकाला तेहतीसच पेरं. सपियाहने तो चाबूक बाटलीत घालून पाठवला. पुआन हमिमांनी लिहिलं, ही वेगळी जात असावी, दुसरीकडे कुठे नसलेली. त्या एका कागदावर खडी फोडणाऱ्यांचं डोंगराच्या आमच्या बाजूचं काम थांबलं. पलीकडच्या बाजूला रोज दुपारी बाराला भोंगा आणि मग स्फोट चालूच. पक्का निकाल द्यायला सरकारी साहेब गुरुवारी येणार होते.

सोमवारी मी सुक्या मासळीची डोकी मोडत बसले होते. सपियाह आली. ओठ पांढरे.

"पाल?" मी विचारलं.

"पाल असती तर बरं झालं असतं." ती धपकन बसली. "जुन्या बरण्या पुसत होते. बाहेरच्या दालनातली एक आजी आहे त्यात. डावा चाबूक एक्केचाळीस. उजवा चौतीस."

"मग उजव्या हाताने कमी काम करत असेल."

"उदा, हसू नकोस. तुटलेला चाबूक कात टाकताना पुन्हा फुटतो. पण पेरं कमी येतात. आणि मी एकोणीस वर्षं उजवाच मोजत आले."

"उजवाच का?"

"तू पाहुण्याला डाव्या हाताने पाणी देतेस? आजीचा डावा चाबूक कसा धरायचा?"

मीही उजवाच धरला असता. आमच्या गावात कुणीही.

"त्या मेलेलीला डावा होता?"

"होता की. तिथेच टाकला मुंग्यांना." तिने ओढणीने तोंड पुसलं. "माझ्या एका शब्दावर डोंगर उभा आहे, आणि तो शब्द खोटा निघाला तर? गप्प बसले तर जन्मभर खोटी. बोलले तर शुक्रवारपासून सुरुंग."

बुधवारी सकाळी दिवा धरायला मी गेले. का गेले ते अजून कळत नाही. गुहेच्या तोंडाशी आम्ही राखणदाराची परवानगी मागितली, मग पोटावर सरपटत फटीतून आतल्या दालनात. तिथली हवा कुणीतरी आधी घेऊन सोडलेली वाटते. दिवा छताकडे नेला. पंधरा-वीस आज्या उलट्या लटकलेल्या, आणि प्रत्येकीचा चाबूक आमच्या दिशेने हळूहळू फिरत होता. आम्हालाच कोणी मोजत असावं तसा.

"दिवा हलवू नकोस," सपियाह पुटपुटली.

"मी हलवत नाही. मीच हलतेय."

तिने एकीला धरलं, चाबूक काचेवर पसरला, चिंचोके टाकू लागली. टक, टक. माझ्या कानामागे काहीतरी बारीक लागलं, निघालं, पुन्हा लागलं. नेमका तेव्हा भोंगा झाला. बाराला अजून वेळ होता, पण त्या दिवशी त्यांनी लवकर उरकलं.

धडाम आवाज कानात नाही, दातांत आला. छतातून माती ओघळली. वटवाघळं अंगावरून गेली. डबा उलटला आणि चिंचोके अंधारात घरंगळले.

"योंग, चल. फट बुजली तर इथंच राहू."

ती उठली नाही. तिच्या बोटांत आजी तशीच होती. आणि मग मी जन्मात ऐकलं नव्हतं ते ऐकलं. सपियाह तोंडाने मोजू लागली.

"एक. दोन. तीन."

मी तिच्या तोंडावर हात ठेवायला गेले, तिने कोपराने ढकललं. उजवा एक्केचाळीस. डावा एक्केचाळीस. दुसरी आजी, तेच. तिसरी, तेच.

"चुकलेच मी," ती म्हणाली आणि तिसरीला सोडायला बोटं सैल केली. त्या आजीने जाता जाता काटेरी हातांनी तिचा अंगठा आवळला. सपियाह अंगठा दिव्याखाली धरून नुसती बघत राहिली. मग छताला चिकटलेली एक वाळकी कात तिने अलगद सोडवली, आणि आम्ही सरपटत बाहेर आलो. ऊन दिसेपर्यंत मी किती दुवा म्हटल्या ते राखणदारालाच ठाऊक.

गुरुवारी साहेब आले, पुआन हमिमा आल्या. सपियाह उभी राहिली.

"तुआन, पेरांचा हिशेब चुकीचा होता. तो चाबूक पुन्हा फुटलेला होता. खरी पेरं एक्केचाळीस."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे नेहमीचीच जात."

"बाहेरच्या आजीने मला एकोणीस वर्षांत शेकडोदा आवळलंय. दर वेळी दोन ठिपके." तिने उजवा अंगठा पुढे केला. त्यावर तीन लाल ठिपके होते. "आतल्या आजीच्या हाताला काटाच एक जास्त आहे."

"बाई, अंगठा फायलीला लावता येत नाही," साहेब म्हणाले.

"हे लावा." तिने बिस्किटांच्या डब्यातून कात काढली. पुआन हमिमा भिंग लावून इतका वेळ वाकून राहिल्या की मला वाटलं, पाठ धरली. मग त्या म्हणाल्या, "तीन. दोन्ही हातांवर तीन." साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. तपास पुरा होईपर्यंत आमच्या बाजूला सुरुंग लावायचा नाही, असं लिहून दिलं.

गावभर मी ही गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. सपियाह मात्र तेव्हापासून दिवा लावूनच झोपते. अंगठ्यावरचे ठिपके गेले, तरी ती तो अंगठा चोळत असते. परवा माझ्याकडे टेंपोयाक, आंबवलेला दुरियान, खाता खाता मधेच थांबली.

"उदा, त्या दिवशी आत आपण किती जणी होतो?"

"दोन. कितीशा असणार?"

तिने माझं मनगट धरलं. उजव्या हाताने.

"तोंडाने नको मोजूस," ती म्हणाली.