आबांचा बटणांचा फोन

काल कपाटात माझ्या सासऱ्यांचा जुना फोन सापडला, बटणांच्या फटीत चिखल वाळलेला, आणि माझं डोकं पुन्हा तापलं. निमोण्याच्या शेतात दारं धरताना, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवताना, आबा याच फोनवरून विहिरीवरची मोटर चालू-बंद करायचे. मोटरच्या स्टार्टरमध्ये सिमकार्ड होतं; त्या नंबराला फोन लावून एक बटण दाबलं की झालं. हे डबडं टाका म्हणत धाकट्या दिरानं त्यांना मोठा काचेचा फोन आणून दिला. त्याच आठवड्यात कांद्याच्या रोपाला पाणी चालू असताना पाइप निसटला. आबा ओल्या बोटांनी काच घासत राहिले, फोननं त्यांच्या पायांचे फोटो काढले, पण मोटर काही बंद होईना. ते विहिरीपर्यंत धावत गेले, तोवर निम्मं रोप वाहून गेलं होतं. "आबा, हात पुसून वापरायचा ना," दीर म्हणाला. "दारं धरणाऱ्याचा हात कोरडा कवा असतो रं?" आबा एवढंच बोलले. आज शिरूरच्या दुकानात मी विचारलं, नवा फोन ओल्या हातानं चालतो का? दुकानदार कौतुकानं म्हणाला, "ताई, पाण्यात पडला तरी फोनला काही होत नाही." फोनला तेव्हाही काही झालं नव्हतं.